हिरा कठीण असतो, चिवट नसतो

बडोद्यातल्या एका 27 वर्षांच्या तरुणाचा प्रश्न आहे. मकरपुऱ्याच्या कारखान्यात नोकरी, मार्गशीर्षात लग्न, त्याआधी साखरपुडा. ते लिहितात: ‘मित्र म्हणतात, साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी हवीच, आणि तीही निदान तीन महिन्यांच्या पगाराची. तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत, कर्ज काढावं लागेल. आजी म्हणते, हिरा सगळ्यांनाच लाभत नाही. जिच्याशी लग्न ठरलंय ती म्हणते, तुला वाटेल ते घे. हिरा हे खरंच प्रेमाचं आणि आयुष्यभराच्या बांधिलकीचं प्रतीक आहे का? आणि लॅबमध्ये तयार केलेला हिरा घेतला, तर तो खोटा ठरेल का?’

आधी थेट उत्तर देते, कारणं मागून. कर्ज काढून हिरा घेऊ नका. लॅबमधला हिरा खोटा नसतो. आणि हिरा प्रेमानं दिला तर तो प्रेमाची खूण नक्कीच होतो, पण बांधिलकीचं प्रतीक म्हणून तो मला कधी पटला नाही. गेली 31 वर्षं मी हिरे पारखते, बसवून देते, विकते. आमचं घर यावरच चालतं. तरीही हे म्हणते, कारण आयग्लासखाली, म्हणजे जवाहिऱ्याच्या भिंगाखाली, रोज जे दिसतं ते नाकारता येत नाही.

लग्न होऊन नाशिकहून बडोद्याला आले तेव्हा मामंजींची पेढी घडियाळी पोळेजवळ होती. मला रत्नशास्त्र शिकायचंय, असा हट्ट मी धरला आणि त्यांनी तो पुरवला. पण मुंबईचा अभ्यासक्रम संपवून आल्यावर पहिलं वर्षभर त्यांनी मला गिऱ्हाइकासमोर बसू दिलं नाही. खडे बसवणाऱ्या जडियाच्या शेजारी बसवलं. नवा हिरा कसा बसवतात ते बघ आणि जुना कसा काढतात तेही बघ, म्हणाले. त्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. दुरुस्तीला आलेली अंगठी होती, चौकोनी प्रिन्सेस कटचा 40 सेंटचा, म्हणजे 0.40 कॅरेटचा हिरा. एका कोपऱ्यावरची सोन्याची नखी किंचित उचललेली दिसली म्हणून जडियाची वाट न बघता मीच ती दाबायला गेले. हाताला काही जाणवलंसुद्धा नाही. आयग्लास लावला तर हिऱ्याच्या कोपऱ्याचं टोक गेलेलं. मामंजींनी गिऱ्हाइकाला जे घडलं ते सांगितलं, स्वतःच्या पैशानं तसाच दुसरा हिरा आणून बसवून दिला, आणि मला एवढंच म्हणाले, ‘हिरा कठीण असतो, सूनबाई. चिवट नसतो.’

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या वाक्यात दिसतं, म्हणून जरा उलगडून सांगते. कठीण असणं म्हणजे ओरखडा न उमटणं. मोझच्या मापावर हिरा 10 वर आहे, सगळ्यात वर. त्याला घासायला दुसरं काही पुरत नाही, म्हणून सुरतेच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, हिरा हिऱ्याच्याच पुडीनं घासतात. चिवट असणं म्हणजे मार सोसणं, आणि तिथे हिरा कमी पडतो. त्याच्यातल्या कार्बनच्या अणूंची मांडणी अशी असते की चार दिशांना तो सरळ आणि गुळगुळीत चिरला जातो. त्या दिशेनं नेमका ठोका बसला की संपलं. जुने पैलूकार याच गुणाचा उपयोग करून मोठे खडे दुभंगायचे. खरा हिरा ऐरणीवर घणाखालीही फुटत नाही ही आपल्याकडची फार जुनी समजूत आहे. ती खरी मानून किती चांगले खडे चुरा झाले असतील, या विचारानं मला आजही वाईट वाटतं.

हिरा जळतोसुद्धा. 1772 मध्ये लाव्हॉझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं मोठ्या भिंगानं सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला, आणि 1797 मध्ये इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटनं सिद्ध केलं की हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, कोळशाचाच भाऊ. आमचा कारागीर अंगठी झाळताना ज्योत हिऱ्याजवळ जाणार असेल तर त्याला बोरिकचा लेप देतो, नाहीतर वरचा भाग पांढुरका पडतो आणि हिरा पुन्हा घंटीवर पाठवावा लागतो.

मग ‘हीरा है सदा के लिए’ हे आपल्या मनात इतकं कसं बसलं? शतकानुशतकं हिरा म्हणजे गोवळकोंड्याकडचा, थोडाथोडा निघणारा आणि राजेरजवाड्यांपुरता. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये सापडला. 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेत एवढे साठे मिळाले की भाव कोसळायची वेळ आली, आणि 1888 मध्ये डी बीअर्स कंपनी उभी राहिली. पुरवठा मुठीत ठेवणं हे तिचं मोठं काम होतं. पण नुसता पुरवठा आवरून भागत नाही, घेणाराही हवा, आणि एकदा घेतलेला हिरा परत बाजारात येऊ नये हेही हवं. अमेरिकेतल्या एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी यांनी 1947 मध्ये ‘अ डायमंड इज फॉरेव्हर’ ही चार शब्दांची इंग्रजी ओळ लिहिली, तिचंच हे हिंदी रूप. गेरेटी स्वतः अविवाहित राहिल्या. ‘सदा के लिए’ या शब्दांत, आयुष्यभर जवळ ठेवा, विकू नका, हेही येतं. मित्र सांगतात तो तीन महिन्यांच्या पगाराचा दंडकही असाच आलाय. अमेरिकेतल्या जाहिराती दोन महिन्यांचा पगार सांगायच्या, जपानमधल्या तीन महिन्यांचा. आपल्या कुठल्याही शास्त्रात किंवा घराच्या रीतीत असा आकडा नाही.

एखादी रीत जाहिरातीतून आली म्हणून ती खोटी असं मी म्हणणार नाही. साखरपुड्यातली अंगठीही आपल्याकडे मागाहूनच आली. मूळचा मान साखरेच्या पुड्याचा, म्हणून तर विधीचं नाव ते. दोन्ही घरांनी वाटून खायची साखर. रिती बदलतात आणि लोक त्यात जीव ओततात. माझ्याकडे अंगठ्या घ्यायला येणारी मुलं-मुली त्या अंगठीत जे बघतात ते खरंच असतं. तो खरेपणा खड्यातून आलेला नसतो, इतकंच मला सांगायचंय.

आता आजींबद्दल. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. हिरा शुक्राचा खडा, तीन दिवस उशाशी ठेवून बघावा, मगच घालावा, असं मानणारी घरं बडोद्यात आजही आहेत. आमच्या पेढीवरून हिरा असा ‘पाहायला’ नेण्याची मुभा मामंजींच्या काळापासून आहे. माझा त्यावर विश्वास नाही, पण त्या समजुतीची मुळं फार खोल गेलेली आहेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेवर लिहिताना नोंदवलंय की काही जाणकारांच्या मते पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रियांनी हिरा मुळीच धारण करू नये. म्हणजे ज्या देशानं जगाला हिरा दिला, तिथल्या जुन्या ग्रंथात तो नवरीचा खडा म्हणून येत नाही. आजी जुन्या बोलण्याचा धागा धरून बोलताहेत. त्यांना ‘हे सगळं थोतांड आहे’ असं सांगून साखरपुड्याची सुरुवात करू नका. त्यांना पेढीवर घेऊन या आणि हिरा त्यांच्याच हातात द्या. मी हे अनेकदा केलंय. नातवंडांच्या हट्टापेक्षा हातातल्या खड्याचं पाणी म्हाताऱ्या माणसांना जास्त लवकर वळवतं.

आणि दगडाचंच म्हणाल तर आपल्या विवाहविधीत बांधिलकीचं प्रतीक म्हणून दगड आधीपासून आहे, अश्मारोहणाच्या वेळी. लाजाहोमाच्या सुमारास वधूचा पाय दगडावर ठेवतात आणि भटजी म्हणतात, ‘इममश्मानमारोह, अश्मेव त्वं स्थिरा भव.’ या दगडावर चढ, दगडासारखी स्थिर हो. तो दगड कुठला असतो, कधी पाहिलंत? घरातली सहाण नाहीतर पाटा. आमच्या घरी तर तीच सहाण वापरली, जिच्यावर रोज देवासाठी गंध उगाळलं जातं. तिच्या मध्यभागी खळगा पडलेला होता. स्थिरतेसाठी कोणी माणिक-मोती मागवत नाही, रोज हाताखाली असलेला दगड पुढे सरकवतात. यातली एक गोष्ट मला खटकते, ती सांगूनच टाकते. स्थिर हो, हे फक्त नवरीला का सांगायचं? माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही भटजींना विनंती केली आणि जावईबापूंनीही त्याच सहाणेवर पाय ठेवला. भटजी घटकाभर थांबले, मग म्हणाले, ठेवू द्या, त्यात अशुभ काही नाही.

बडोद्यापुरतं बोलायचं तर या गावानं हिरे पाहिलेत ते सत्तेच्या हातात. 1853 साली ब्राझीलच्या खाणीत एका गुलाम स्त्रीला सापडलेला, पैलू पाडल्यावर 128 कॅरेटचा झालेला ‘स्टार ऑफ द साउथ’ खंडेराव महाराजांनी घेतला होता. त्यांच्या मागून गादीवर आलेल्या मल्हाररावांवर 1874 मध्ये आरोप झाला की त्यांनी इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड घालायला लावली. चौकशी मंडळाचं एकमत झालं नाही, तरी 1875 मध्ये त्यांना गादीवरून काढलं आणि मग सयाजीराव महाराज दत्तक आले. हिरकणी खाऊन जीव दिला, हे शब्द जुन्या मराठी घरांतून ऐकू यायचे, तीच ही समजूत. मारण्याचं काम करतो तो सोमल, हिरा तसा विष नाही. पण एकाच गावाच्या इतिहासात तोच खडा वैभव म्हणूनही येतो आणि विष म्हणूनही. त्याच्यावर माणसं आपापल्या मनातलं चढवतात.

माझं मन मात्र वळलं ते दांडिया बाजारातल्या एका काकूंमुळे. दर वर्षी वटपौर्णिमेच्या आधी त्या मंगळसूत्र गाठवायला आमच्याकडे आणायच्या. 1971 चं लग्न. काळे मणी तीन-चार वेळा बदललेले, दोराही बदललेला, वाट्या मात्र त्याच, एक माहेरची आणि एक सासरची. एका वर्षी मी वाट्या काट्यावर ठेवल्या आणि पाहिलं तर कडा कागदासारख्या झाल्या होत्या. मी म्हटलं, काकू, या आता फाटतील, याच सोन्यात थोडी भर घालून नव्या करून देते. त्यांनी माझा हात धरला. ‘नव्या नको करूस गं. या माझ्या गळ्यावर झिजल्यात.’ मग आम्ही आतून पातळ पत्रा लावून कडा तेवढ्या सावरल्या. पुढे काका गेले. त्यानंतर काकूंनी ते मंगळसूत्र दोन वाट्यांसह डबीत ठेवलं आणि ती डबी आमच्याच तिजोरीत ठेवायला दिली. मुलगा परदेशात, घरात एकटीला भीती वाटते म्हणाल्या. कधी तरी येऊन डबी उघडायच्या, वाट्यांवरून बोट फिरवायच्या आणि परत ठेवून जायच्या.

बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं. ते माणसाच्या अंगावर झिजतं, वाकतं, पुन्हा सरळ करता येतं, वितळवून त्याच सोन्याची दुसरी वस्तू होते. हिरा तसा नाही. 30-40 वर्षं वापरलेली अंगठी मोडीत येते तेव्हा तिचं कडं खालच्या बाजूनं अर्धं उरलेलं असतं, आणि हिरा साबणाच्या कोमट पाण्यात धुतला की काल घंटीवरून उतरल्यासारखा. तो कोणी घातला, ती बाई कणीक मळायची की शाळेत शिकवायची, अंगठी रोज बोटात होती की कपाटात, हिऱ्याकडे बघून काही म्हणजे काही सांगता येत नाही. सोन्याकडे बघून मी बरंच सांगू शकते. म्हणून बांधिलकीचं म्हणाल, तर मी सोन्याच्या बाजूची आहे.

हिऱ्याचं खरं देणं वेगळं आहे, आणि ते मोठं आहे. प्रकाश त्याच्यात शिरतो, आतल्या पैलूंवरून परतवला जातो आणि सप्तरंग होऊन बाहेर येतो. काचेचा अपवर्तनांक साधारण 1.5, हिऱ्याचा 2.42. हा फरक आकड्यात लहान वाटतो, पण डोळ्यांना तो आयुष्यभर पुरतो. देवाजवळच्या समईच्या उजेडात चांगल्या घाटाचा, म्हणजे नीट मापात पैलू पाडलेला, हिरा बघा, दुकानातल्या दिव्यांत नको. एवढ्या वर्षांनंतरही पुडी उघडताना माझा श्वास क्षणभर थांबतो. सुंदर वस्तू आपल्या माणसाला द्यावीशी वाटणं यात प्रेम आहेच, आणि तिथे मी हिऱ्याच्या बाजूनं उभी राहीन.

पण एक गोष्ट विकताना सहसा कोणी सांगत नाही. हिरा स्वतः काही धरत नाही, त्याला धरून ठेवावं लागतं. चार किंवा सहा नख्या त्याला धरून असतात, त्या झिजतात, कपड्यात अडकून उचलल्या जातात. दर सहा महिन्यांनी दाखवून घ्या. कानाजवळ नेऊन बोटानं हलकी टिचकी मारा, बारीक खुळखुळ ऐकू आली तर अंगठी बोटातून काढा आणि तशीच डबीत घालून आणा. आणि हिऱ्याला तेलकटाची ओढ असते. खाणींमध्ये खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेल्या पट्ट्या वापरत, कारण दगड पाण्याबरोबर वाहून जातात आणि हिरा चिकटून राहतो. म्हणून पोळ्या लाटताना, डोक्याला तेल लावताना अंगठी काढून ठेवायची. हिरा ‘फिका पडला’ म्हणून घाबरून येणाऱ्या दहातल्या नऊ जणींच्या हिऱ्यामागे फक्त कणीक आणि साबणाचा थर असतो.

आता पैशाचं, कारण कर्जाचा विषय तुम्हीच काढलाय. काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं. एका मोठ्या शोरूममधून हप्त्यांवर 1,80,000 रुपयांची अंगठी घेतलेली. हप्ते फेडता फेडता त्याची नोकरी गेली, बाळंतपण तोंडावर, अंगठी मोडायची होती. बिलात घडणावळ वेगळी दाखवलेली नव्हती, आणि मुख्य हिऱ्याभोवतीच्या बारीक हिऱ्यांचं वजनही नव्हतं. सोन्याचे पैसे सोन्यासारखे आले. मुख्य हिऱ्याला बाजारात जो भाव मिळाला तो त्यांनी दिलेल्या किमतीच्या निम्माही नव्हता. बारीक हिऱ्यांचं जवळजवळ काहीच आलं नाही. हातात एकूण 70,000 च्या आत. ती बिचारी रडत नव्हती, गप्प बसून होती. तो मात्र सारखा म्हणत होता, हिच्यासाठी घेतली होती हो. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण त्याच्या प्रेमात काही कमी नव्हती. त्याला कोणी तरी सांगायला हवं होतं की सोनं मोडलं तर घडणावळ सोडून बहुतेक पैसे परत येतात, हिऱ्याचे येत नाहीत. हिरा हा खर्च आहे. खर्च म्हणून झेपत असेल तर आनंदानं करा, गुंतवणूक समजून करू नका, आणि उधारीवर तर नकोच. लग्नाच्या पहिल्या वर्षात दोघांमध्ये हप्त्याची तारीख येऊन बसू नये.

लॅबच्या हिऱ्याबद्दल आमच्याच धंद्यातले लोक वाटेल ते बोलतात, म्हणून नीट सांगते. अमेरिकन डायमंड म्हणून जे मिळतं ते झिरकोनिया, तो हिरा नव्हे. मॉइसनाइटही हिरा नव्हे, ते सिलिकॉन कार्बाइड. लॅबचा हिरा मात्र हिराच असतो. तोच कार्बन, तीच रचना, तोच कठीणपणा, तीच चमक. एका पद्धतीत प्रचंड दाब आणि 1,300 अंशांच्या वरचं तापमान देऊन तो वाढवतात. 1954 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत हे जमलं. दुसरी पद्धत सीव्हीडीची. मिथेन आणि हायड्रोजन वायूंतून कार्बनचा थरावर थर चढवत काही आठवड्यांत हिरा तयार होतो. बडोद्याहून रेल्वेनं दोन-अडीच तासांवरच्या सुरतेत हे काम आज मोठ्या प्रमाणावर चालतं. 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबचाच होता. दुकानात हिरा तपासायला जी साधी पेनासारखी यंत्रं असतात, ती लॅबच्या हिऱ्यालाही हिराच म्हणतात. फरक कळायला त्यासाठीचं खास यंत्र लागतं.

मग फरक कशात? खाणीतला हिरा जमिनीखाली 150 ते 200 किलोमीटरवर घडलेला, बहुतेक वेळा 1 ते 3 अब्ज वर्षांपूर्वीचा. ज्यांना ते प्राचीनपण भावतं त्यांनी त्यासाठी जरूर पैसे द्यावेत, ती भावना खरी आहे. लॅबचा हिरा बराच स्वस्त, मोठ्या खड्यात तर दहाव्या हिश्श्यापर्यंत. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत सतत घसरलेत आणि परत विकायला गेलात तर जवळजवळ काही मिळणार नाही, हे मनाशी पक्कं करून घ्या. खोटेपणा खड्यात नसतो. लॅबचा हिरा खाणीतला म्हणून विकला किंवा तसा सांगून दिला, तर तो खोटेपणा. तुम्ही तिला आणि दोन्ही घरांना ‘हा लॅबचा आहे’ एवढं उघड सांगितलंत की विषय संपला. न सांगता दिलात, तर चार वर्षांनी अंगठी आमच्यासारख्या कोणाच्या हाताखाली येते, प्रमाणपत्र उघडलं जातं, आणि तेव्हा जे चेहरे होतात ते मी पाहिलेत.

खाणीतला घेणार असाल तर तो कुठून आला हे विचारायला संकोचू नका. आफ्रिकेतल्या यादवी युद्धांना हिऱ्यांच्या पैशानं खतपाणी मिळालं, म्हणून 2003 पासून किंबर्ली प्रक्रिया ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था लागू झाली. बंडखोरांना पैसा पुरवणारे कच्चे हिरे ती अडवते, खाणीतल्या मजुराला काय मिळतं हे ती बघत नाही. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊंना पैलू भारतात पडतात, त्यातही बहुतेकांना सुरतेत. तिथे मंदी आली की घंट्या बंद होतात आणि कारागीर सौराष्ट्रातल्या आपल्या गावी परततात. तुमच्या अंगठीतला खडा खाणीतला असो वा लॅबचा, तो तिथल्या कोणाच्या तरी डोळ्यांनी आणि बोटांनी घडलेला असण्याचीच शक्यता जास्त.

आता तुम्ही काय करावं. ती ‘तुला वाटेल ते घे’ म्हणते, त्यावर जाऊ नका. दोघं मिळून या, एकदा नुसतं बघायला. किती खर्च करायचा ते घरून ठरवून या आणि दुकानदाराला तोच आकडा सांगा. वर जाऊ लागला तर उठा. तुमच्या दोघांच्याही घरी जुन्या पेट्या उघडून बघायला सांगा. मराठी घरांत हिऱ्याच्या कुड्या असायच्या, सात खड्यांच्या, आईकडून मुलीकडे आलेल्या. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या पणजीच्या कुड्यांपैकी एकीचा फिरकीचा दांडा तुटलेला होता. तिनं आणि होणाऱ्या नवऱ्यानं त्यातले दोन खडे काढून दोघांच्या अंगठ्यांत बसवून घेतले, उरलेल्या बारा खड्यांत धाकट्या बहिणीला पेंडंट झालं. जुन्या कटचे खडे, आजच्याइतके झगझगीत नाहीत, आतून मंद उजळणारे. त्या अंगठ्यांच्या घडणावळीपलीकडे काही खर्च आला नाही. आजींकडे असं काही असेल, तर ‘लाभत नाही’ हा प्रश्नही राहणार नाही. तो खडा घराला आधीच लाभलेला असेल.

तसं काही नसेल आणि हिरा हवाच असेल तर लहान घ्या, पण घाट उत्तम असलेला. रंग आणि स्वच्छतेच्या अक्षरांमागे फार धावू नका. व्हीव्हीएस आणि व्हीएस या स्वच्छतेच्या दोन श्रेणींतला फरक तुमच्या डोळ्यांना बोटातल्या अंगठीत दिसणार नाही. घाट वाईट असेल तर मात्र लांबूनही हिरा मेलेला दिसतो. भाव 50 सेंट आणि 1 कॅरेट अशा गोल आकड्यांवर एकदम उडी मारतो, म्हणून 46-47 सेंटचा मिळाला तर घ्या, दिसायला फरक नाही. बिलात सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन, दोन्हीचे दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. हिऱ्यासकट वजन करून सगळ्याला सोन्याचा भाव लावणारे अजून आहेत. हिऱ्याचा 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, घरी स्वतः हिशोब करून बघा. सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, बघा, मुख्य हिऱ्याचं प्रमाणपत्र घ्या, आणि त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कमरपट्ट्यावर, म्हणजे मधल्या कडेवर, कोरलेला असेल तर आयग्लासमधून स्वतः वाचून घ्या. टोकदार कोपऱ्यांचा आकार नको, गोल घ्या, सहा नख्यांचा. का, ते वर सांगितलंच आहे.

आणि हिरा नको असं दोघांचं ठरलं, तर बावीस कॅरेटच्या साध्या दोन वेढण्या करा. आतल्या बाजूला एकमेकांची नावं देवनागरीत कोरून घ्या, नवी असताना खोलवर, म्हणजे झिजल्यावरही वाचता येतील. तीन-चार ग्रॅमची एक पुरते, याहून पातळ केलीत तर वाकते.

बोटाचं माप संध्याकाळी द्यायला या, दोघंही. मार्गशीर्षातल्या थंडीत, सकाळच्या वेळी बोटं आखडलेली असतात आणि माप अर्ध्या-एका आकड्यानं चुकतं. तिच्या उजव्या आणि डाव्या, दोन्ही हातांचं माप घ्यायला सांगा. बहुतेकींचं सारखं नसतं.